मूळ शब्दांपर्यंत नेणारं बायबल ॲप: दोन वर्षं रोज वापरून लिहिलेला रिव्ह्यू

रेटिंग ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते पुढे येईलच. आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणार आहे, कारण हे ॲप मी सहज म्हणून घेतलेलं नाही, एका रात्री रडून झाल्यावर घेतलंय.

ॲप इंटरलिनियर प्रकारचं आहे, म्हणजे वरच्या ओळीत मूळ ग्रीक किंवा हिब्रू शब्द, त्याच्या खाली एकेका शब्दाचा इंग्लिश अर्थ, आणि शब्दावर बोट ठेवलं की खालून एक खिडकी उघडते, तिच्यात त्या शब्दाचा नंबर (प्रत्येक मूळ शब्दाला एक ठरलेला असतो), व्याकरण आणि तो शब्द अख्ख्या बायबलात आणखी कुठेकुठे आलाय त्याची यादी. शेजारी मराठी बायबल उघडं ठेवता येतं. मला ग्रीक येत नाही, हिब्रूही नाही, अक्षरं तेवढी ओळखायला शिकले, आणि तेवढ्यावर हे ॲप वापरता येतं.

आता ती रात्र. मी चर्चमध्येच वाढलेय आणि स्वतःला स्त्रीवादी म्हणवते, दोन्ही गोष्टी मनापासून. त्यामुळे दोन्हीकडून बोलणी खाते, चर्चमधले म्हणतात जगाचे विचार मंडळीत आणू नकोस आणि मैत्रिणी म्हणतात तू एवढी शिकलेली, त्या पुस्तकात अजून कशी अडकलीयस. तर बायकांच्या प्रार्थना सभेत एक ताई पहिल्यांदाच बोलली, की नवरा हात उचलतो. सगळ्या गप्प. मग एका वयस्कर बाईंनी अगदी मायेने तिच्या मांडीवरचं बायबल उघडलं, इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय, २२वं वचन, आणि 'अधीन असा' या शब्दांवर बोट ठेवलं. ताईने मान हलवली. मी तिथेच बसलेली होते आणि मी काहीच बोलले नाही, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. रागावता येत होतं, पण रागाने त्या ताईला काय मिळणार होतं?

घरी येऊन ॲप डाउनलोड केलं आणि पहिलं तेच वचन उघडलं. या ॲपमध्ये ग्रीक मजकूर बदलता येतो, एक जुना, ज्यावरून १६११ चं किंग जेम्स नावाचं इंग्लिश भाषांतर झालं त्या परंपरेतला, आणि एक आजच्या अभ्यासकांचा, जास्त जुन्या हस्तलिखितांवर बेतलेला. मी जुन्यावरून नव्यावर गेले आणि २२व्या वचनातलं 'अधीन असा' हे क्रियापद डोळ्यांदेखत गायब झालं! मला वाटलं ॲप बिघडलं. चार वेळा मागेपुढे केलं. मग ॲपबाहेर शोधून नीट वाचलं तेव्हा कळलं की आपल्याकडच्या अगदी जुन्या हस्तलिखितांत, म्हणजे साधारण इसवी सन २०० च्या आसपासच्या पी-४६ नावाच्या पपायरसमध्ये, म्हणजे जुन्या कागदावरच्या प्रतीत, आणि चौथ्या शतकातल्या व्हॅटिकॅनस प्रतीत, त्या वचनात क्रियापदच नाहीये, ते आधीच्या २१व्या वचनातून घ्यायचं आहे. आणि २१वं काय म्हणतं? ख्रिस्ताचं भय धरून एकमेकांच्या अधीन असा. एकमेकांच्या! म्हणजे ग्रीकमध्ये हे एकच सलग वाक्य आहे, आणि कित्येक छापील बायबलांत नेमकं त्याच्या मध्ये नवीन मथळा टाकून ते तोडलेलं असतं, वर एकमेकांबद्दलचं, खाली बायकोबद्दलचं.

याने सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. पुढे 'पती पत्नीचे मस्तक' आहेच, आणि मस्तक या अर्थाच्या केफाले शब्दाचा इथे अधिकार असा अर्थ घ्यायचा की उगम असा, यावर विद्वान कित्येक वर्षं भांडतायत, त्यात देवावर मनापासून विश्वास ठेवणारे दोन्ही बाजूंना आहेत. पण वचनाला मार खात राहायच्या हुकमाचं रूप द्यायला त्या मजकुरात जागा नाही, हे मला त्या रात्री स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, कुणी सांगितलं म्हणून नाही. त्याच अध्यायात नवऱ्याला सांगितलंय की बायकोवर स्वतःच्या शरीरासारखं प्रेम कर. दुसऱ्या दिवशी मी त्या ताईला फोन केला. आधी वचन नाही काढलं, आधी विचारलं तू आत्ता सुरक्षित आहेस का, जायला जागा आहे का. वचनाचं नंतर बोललो, खूप नंतर.

आता ॲपचं सगळ्यात जबरदस्त फीचर, ती यादी. रोमकरांस पत्राचा १६वा अध्याय घ्या, जो चर्चमध्ये कधी वाचला जात नाही कारण सगळ्यांना वाटतं नुसती नावं आहेत. पहिलंच नाव फिबी. मराठीत ती मंडळीची 'सेविका' आहे, आणि सेविका म्हटल्यावर माझ्या डोळ्यापुढे लहानपणापासून एक बाई यायची, हातात झाडू घेतलेली. शब्दावर बोट ठेवलं तर निघाला डियाकोनोस. यादी उघडली तर हाच शब्द पौल, म्हणजे ही पत्रं लिहिणारा, स्वतःसाठी वापरतो, त्याचा सहकारी एपफ्राससाठी वापरतो, आणि एक अध्याय मागे १५:८ मध्ये खुद्द ख्रिस्तासाठी वापरतो. किंग जेम्समध्ये या शब्दाचं भाषांतर २० वेळा मिनिस्टर, ३ वेळा डीकन (चर्चमधलं एक पद) आणि ८ वेळा सर्व्हंट असं आहे, आणि फिबीच्या वाट्याला सर्व्हंट आलंय. पुढच्या वचनात तिला प्रोस्टाटिस म्हटलंय, म्हणजे आश्रय देणारी, पाठीशी उभी राहणारी वजनदार व्यक्ती, आणि पौल म्हणतो ती माझ्याही पाठीशी उभी राहिली. मी हे सगळं फोनवर ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचत होते, आणि मला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि तिथे कुणी नव्हतं.

तसा सेवक हा शब्द हलका नाहीच, येशूने तोच तर उंच केला. माझं म्हणणं एवढंच की पुरुषाला लावला की तो पद होतो आणि बाईला लावला की काम होतो, आणि हा फरक ग्रीकमध्ये नाही.

सहा वचनं पुढे युनिया. अंद्रोनीक आणि युनिया, प्रेषितांमध्ये, म्हणजे येशूचा निरोप पोहोचवायला पाठवलेल्यांमध्ये, नावाजलेले. चौथ्या शतकातला धर्मोपदेशक क्रिसोस्टोम, ज्याची मातृभाषाच ग्रीक आणि जो बायकांची बाजू घेणारा म्हणून मुळीच प्रसिद्ध नाही, तो सरळ लिहितो की केवढी मोठी ही स्त्री की तिला प्रेषित म्हणवून घ्यायचा मान मिळाला. पण नंतरच्या काळात लोकांना ते पचेना, बाई आणि प्रेषित? मग तिचा युनियास नावाचा पुरुष करण्यात आला. जुन्या हस्तलिखितांत ग्रीक शब्दांवर स्वरचिन्हं लिहीतच नसत, आणि बाई की पुरुष हे फक्त त्या एका चिन्हावर ठरतं, त्यामुळे संपादकाने चिन्ह बदललं की काम झालं. जगभरचे अनुवादक जी नेस्ले यांची ग्रीक आवृत्ती वापरतात तिच्यात १९२७ मध्ये ती पुरुष झाली आणि १९९८ मध्ये परत बाई झाली. रोमच्या त्या काळच्या शिलालेखांत युनिया नावाच्या बायका शेकड्यांनी सापडतात आणि युनियास नावाचा पुरुष एकही नाही. आपल्या मराठी बायबलात नाव युनिया असंच आहे, पण मराठीत 'ते दोघे' म्हटलं की कळत नाही त्यात बाई आहे, आणि मी तीस वर्षं तिला पुरुषच समजत होते.

आणि इथेच माझा स्टार कापला गेला. ॲपमध्ये युनियाच्या नावावर बोट ठेवा, नंबर २४५८, आणि खाली डिक्शनरीत काय लिहिलंय? युनियास, एक ख्रिस्ती. वरच्या ओळीत ती बाई, खालच्या डिक्शनरीत पुरुष, एकाच स्क्रीनवर. कारण असं की जवळपास सगळ्या फ्री ॲपमध्ये जी डिक्शनरी असते ती स्ट्राँगची, १८९० साली छापलेली, तिचा कॉपीराइट संपलाय म्हणून ती टाकणं सोपं. तिच्यासोबत येणारी थेयरची डिक्शनरीही त्याच काळातली. त्यानंतर केवढे पपायरस सापडले, केवढा अभ्यास झाला, ते यात काही नाही. नंबरांची पद्धत अप्रतिम आहे, मी ती रोज वापरते, पण खाली दिलेला अर्थ हा बायबलचा भाग नाही, तो एका माणसाने त्याच्या काळात लिहिलेला अर्थ आहे. नवीन वापरणाऱ्याला हे ॲप कुठेच सांगत नाही. मला स्वतःला कळायला सहा महिने लागले, तोपर्यंत मी डिक्शनरीलाच देववाणी समजत होते, म्हणजे आधी भाषांतराला समजायचे तसंच.

मी काय करते ते सांगते, आधी यादी बघते आणि मग अर्थ. शब्द कुठेकुठे आलाय ती वचनं वाचून काढायची. एझेरचं उदाहरण घ्या, उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव म्हणतो मी त्याच्यासाठी 'अनुरूप साहाय्यक' करीन, आणि लग्नाच्या उपासनेत त्यावर जो संदेश होतो तो आपण सगळ्यांनी ऐकलाय, साहाय्यक म्हणजे असिस्टंट, साहेबाची. यादी काढली तर एझेर हा शब्द जुन्या करारात २१ वेळा येतो, त्यातला दोनदा हव्वेसाठी आणि बहुतेक वेळा स्वतः देवासाठी. स्तोत्र १२१, माझं साहाय्य परमेश्वराकडून येतं, तिथे हाच शब्द. मग साहाय्यक म्हणजे खालची कशी? त्याच्या जोडीचा शब्द केनेग्दो, त्याच्या समोरासमोर उभी, त्याच्या तोडीची.

पण बायांनो, इथेच जरा थांबा. एझेर म्हणजे योद्धा, एझेर म्हणजे तारणारी, असे पोस्टर आता सगळीकडे फिरतात, तेही बरोबर नाही. देवासाठी शब्द वापरला म्हणून देवाचे सगळे गुण त्या शब्दात भरून बाईला चिकटवता येत नाहीत. तो शब्द एवढंच सांगतो की मदत करणारा हा मदत घेणाऱ्यापेक्षा खालचा असतोच असं नाही. एवढं पुरेसं आहे, आणि एवढं खरं आहे. आपल्या बाजूचं म्हणून वाटेल ते ओढून आणलं तर आपण तेच करतो जे आपल्यावर झालं.

ॲप कुठे हात टेकतं तेही सांगते. तीमथ्याला पहिलं पत्र २:१२, बाईने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये. तिथला क्रियापदाचा शब्द ऑथेंटेइन. यादी उघडली की एकच ओळ, हेच वचन. अख्ख्या नव्या करारात तो शब्द दुसरीकडे कुठेच नाही! अधिकारासाठी पौल नेहमी जो शब्द वापरतो, एक्सुसिया, तो इथे नाहीये. जुन्या लॅटिन बायबलात याचं भाषांतर दोमिनारी, म्हणजे सत्ता गाजवणं, आणि किंग जेम्समध्ये अधिकार बळकावणं. म्हणजे साधा अधिकार की दांडगाई, हा प्रश्न त्या शब्दातच आहे आणि ॲप तो सोडवू शकत नाही, कारण बाहेरच्या ग्रीक लिखाणात तो कसा वापरलाय ते यात नाही. त्या एका वचनावर किती बायकांचं आयुष्य पुलपिटच्या, म्हणजे संदेश द्यायच्या व्यासपीठाच्या, खाली गेलं, आणि तो शब्द एकदाच येतो. हे कळल्यावर मी बराच वेळ काही बोलू शकले नव्हते.

करिंथकरांच्या पहिल्या पत्रातलं 'बायकांनी मंडळीत गप्प बसावे' तेही असंच, १४:३४-३५, काही जुन्या प्रतींत ही दोन वचनं ४०व्या वचनानंतर येतात, म्हणजे त्यांची जागा पक्की नाही. हे ॲपमध्ये कुठेही दाखवलेलं नाही, हस्तलिखितांच्या टिपाच नाहीत, ही मोठी उणीव. पण ॲपशिवायही दिसतं की तीनच अध्याय आधी, ११:५ मध्ये, तोच पौल बायका मंडळीत प्रार्थना करतात, संदेश देतात हे धरूनच चाललाय. गप्प बसून कुणी संदेश देतं का?

मराठी वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि ती कुठल्याही इंग्लिश पुस्तकात मिळणार नाही. आपली क्रियापदं लिंग दाखवतात, ग्रीकची दाखवत नाहीत. तीमथ्याच्या त्याच पहिल्या पत्रात ३:१ मध्ये ग्रीकला म्हणायचंय 'कुणी अध्यक्षाच्या कामाची इच्छा धरत असेल तर', त्यात तोही नाही आणि तीही नाही. मराठीत आपण 'धरतो' लिहितो आणि दार बंद झालं. पुढच्याच वचनात 'एका स्त्रीचा पती' येतं हे मी लपवत नाही, त्यावर वाद आहे, पण पहिलं वचन वाचताना माझ्यासारख्या मुलीला वाटतं की ही ओळ माझ्यासाठी नाहीच, ते ग्रीकमुळे नाही, मराठीमुळे. तसंच आत्मा. मराठीत तो आत्मा. हिब्रूत रुआख, ती, उत्पत्तीच्या दुसऱ्याच वचनात पाण्यावर पाखरासारखी घिरट्या घालणारी, आणि क्रियापदही स्त्रीलिंगी. ग्रीकमध्ये पनेउमा, ते. आता व्याकरणातलं लिंग म्हणजे खरं लिंग नव्हे, खुर्ची ती आणि टेबल ते म्हणून खुर्ची बाई होत नाही. पण देव पुरुषच आहे असं ज्यांना मनातून वाटतं त्यांनी एकदा ते तीन शब्द शेजारी शेजारी ठेवून बघावेत, मी ठेवले आणि माझी प्रार्थना बदलली.

गलतीकर ३:२८ पण बघा. यहूदी नाही, ग्रीकही नाही, दास नाही, स्वतंत्रही नाही, आणि तिसऱ्या जोडीला ग्रीकची रचना अचानक बदलते, तिथे 'नर आणि नारी' आहे, 'आणि'. थेट उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातली शब्दजोडी. भाषांतरात हा खटका गुळगुळीत होऊन जातो.

मला राहून राहून पंडिता रमाबाई आठवतात. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लगेच इंग्लंडमध्ये चर्चच्या मोठ्या लोकांनी हरकत घेतली की हिने पुरुषांना शिकवू नये. रमाबाईंना नवल वाटलं की माझ्या वडिलांनी, माझ्या नवऱ्याने माझ्या शिकवण्याला हरकत घेतली नाही आणि हे घेतायत. त्यांनी विश्वास सोडला नाही आणि मानही खाली घातली नाही. पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल स्वतः मराठीत आणलं, १९२२ मध्ये गेल्या, १९२४ मध्ये ते छापून आलं, आणि ते छापण्याचं काम मुक्ती मिशनमधल्या बायकांनी केलं. हातात ॲप नव्हतं, आजच्यासारखी यादी एका बोटावर नव्हती. मग आपल्याला कुठलं कारण आहे?

चर्चमध्ये वापरायचा अनुभव. पहिल्यांदा मी चूक केली, संदेश संपल्यावर लगेच पाळक साहेबांपुढे फोन धरला, बघा इथे असं आहे. त्यांचा चेहरा पडला आणि माझंही मन खट्टू झालं. नंतर मी बायबल स्टडीत फक्त विचारायला लागले, हा शब्द अजून कुठे आलाय ते सगळे मिळून बघू या का. मोबाइल फिरवायचा, प्रत्येकाने एकेक वचन वाचायचं. फिबीच्या दिवशी ज्यांनी ख्रिस्तासाठी वापरलेलं वचन वाचलं ते आमच्या मंडळीचे एक वडील, म्हणजे एल्डर, होते, जुने, कडक. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, परत वाचलं आणि म्हणाले, हे मला कुणी आधी का नाही दाखवलं. पुढच्या महिन्यात त्यांनीच कमिटीत विषय काढला की वर्षातून एकदा महिला रविवारी बायकांना पुलपिट देतो ते एकदाच का. निर्णय अजून झालेला नाही. काही जण उठून गेले, एकांनी माझ्या घरी येऊन माझ्यासाठी प्रार्थना केली की माझा विश्वास ढळू नये, मी मनापासून आमेन म्हटलं कारण मलाही तो ढळायला नकोच आहे.

आणि मैत्रिणींना मी आता एवढंच सांगते की मी त्या पुस्तकात अडकलेली नाही, मी ते वाचतेय.

तांत्रिक बाजू पटकन. ऑफलाइन चालतं, हे फार बरं. हिब्रू अक्षरं लहान येतात, सेटिंगमध्ये मोठी करा. मराठी मजकूर नंबरांना जोडलेला नाही, त्यामुळे मराठी शब्दावर बोट ठेवून काही उघडत नाही, इंग्लिशमधूनच जावं लागतं, ज्यांना इंग्लिश जमत नाही त्यांना हे ॲप अर्धंच उपयोगी आहे आणि आमच्या गटात त्याच बायका जास्त आहेत. सोबत दिलेली भाष्यं सगळी जुनी आणि सगळी पुरुषांची. 'स्त्रियांसाठी रोजचं वचन' नावाचा भाग बंद करून टाका, त्यात घर सांभाळण्यापलीकडे काही येत नाही, बायबलातल्या संदेष्ट्या दबोरा नाही, हुल्दा नाही, मग्दालीया मरीया फक्त रडताना येते, निरोप घेऊन प्रेषितांकडे जाताना नाही. सर्च मात्र वेगवान आहे, आणि टिपा लिहायची सोय चांगली, माझ्या टिपा मी वही करून गटातल्या बायकांना मराठीत देते, आत्तापर्यंत ४० शब्द झाले.

ॲप बनवणाऱ्यांना मी दोनदा लिहिलंय, २४५८ नंबरची नोंद दुरुस्त करा आणि मराठी अर्थ जोडायला लोक हवे असतील तर आमचा गट तयार आहे. उत्तर आलेलं नाही. आलं की इथेच खाली लिहीन आणि पाचवा स्टार देईन.